हायकोचे दोन गुण

हौगेसुंद, १४ जानेवारी २०२४

प्रिय फोल्कमार,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा. जरा शिळ्या झाल्यात, पण पोचल्या म्हणजे झालं. दर डिसेंबरात पत्र टाकतो, या वेळी राहून गेलं. फोन केला असता, पण तुला पाच वेळा "काय? काय म्हणालास?" करायला लावण्यापेक्षा पत्र बरं. जन्मभर ओतकामाच्या यंत्रांशेजारी उभं राहून तू कानांची वाट लावून घेतलीस, म्हणून तर माझं जर्मन टिकलं. सत्त्याऐंशी साली तुमच्या पिस्टनच्या कारखान्यात शिकायला आलो, वर्षभर तुझ्या आईच्या घरी जेवलो. ती भाषा आता फक्त तुला लिहिण्यापुरती उरलीय.

दुकान जोरात आहे. गेल्या वर्षी आमच्या नॉर्वेत विकल्या गेलेल्या दर दहा नव्या गाड्यांमधल्या आठांहून जास्त विजेवरच्या होत्या. मी शेवटची पेट्रोलची गाडी मार्चमध्ये विकली, तीही एका हट्टी म्हाताऱ्याला. म्हणाला, "आवाज नसलेल्या गाडीत बसलं की मला वाटतं मी मेलोय." त्याला चावी दिली आणि पेट्रोलच्या गाड्यांच्या चाव्यांचा कप्पा रिकामा केला. नोव्हेंबर हा तर आमचा आजवरचा सगळ्यात मोठा महिना ठरला. एकशे बेचाळीस गाड्या.

तुमच्या सरकारने डिसेंबरात शनिवार-रविवार गाठून विजेच्या गाड्यांचं अनुदान बंद केलं म्हणे. असं करू नये. गिऱ्हाइकाचा विश्वास एकदा उडाला की परत बसत नाही. तरी लिहून ठेव, दोन वर्षांत तुमच्याकडेही हेच होणार. तुझी ती डिझेलची बैलगाडी आताच विकून टाक, नंतर भंगारवालाही घेणार नाही.

घरी शांत आहे.

तुझा,
स्वेर्रे


हाल्फरबाख, ३ मार्च २०२४

प्रिय स्वेर्रे,

पत्र मिळालं. बैलगाडी विकणार नाही. तिच्यातून मी एकटा थोडाच जातो? हायको असतो बरोबर. हायको तुला माहीत नाही. तू गेल्यावर कितीतरी वर्षांनी तो कारखान्यात लागला. एक्कावन्न वर्षांचा आहे, घटस्फोट झालेला, मूलबाळ नाही. माझ्याच खात्यात ओतकामावर. बावीस वर्षं रोज सकाळी पाच दहाला बेकरीच्या कोपऱ्यावर उभा असतो, मी गाडी थांबवतो, तो बसतो. बोलतो काय? फुटबॉल, हवा, फोरमनला शिव्या. तो डाव्या कानाशी बोलतो, उजवा गेलाय हे त्याला ठाऊक आहे.

इकडे दोन नंबरची लाइन बंद केली. "तात्पुरती" म्हणतात. यंत्रांवर प्लास्टिक टाकलंय, तात्पुरत्या कामाला कोणी एवढं नीट झाकत नाही. कामगारांनी निवडलेल्या मंडळावर मी अकरा वर्षं आहे, त्यामुळे व्यवस्थापनाचं सगळं आधी आमच्या कानावर येतं. सतत आलेख दाखवतात. त्यावर एक रेघ वर जाते, ती तुझी. एक खाली येते, ती आमची. तो तरुण साहेब गंमत म्हणून म्हणाला, "विजेच्या गाडीत पिस्टन नसतो, हो ना?" कोणी हसलं नाही, मग तोच हसला.

माझं काय होणार याची काळजी करू नकोस. मी एकोणसाठचा, मंडळावर आहे, मला हात लावता येत नाही.

तुरिदला नमस्कार सांग. तुझी बायको पोहायला शिकवते त्या आजीबाई अजून बुडाल्या नाहीत ना?

तुझा,
फोल्कमार


हौगेसुंद, २० एप्रिल २०२४

प्रिय फोल्कमार,

तू आलेखाचं लिहिलंस. खरं सांगू? ती रेघ काही सरळ वर जात नाही. तुमच्याकडे यंदा खप खाली आलाय, अनुदान गेल्यावर येणारच होता. कंपन्या घाबरल्यात, काहींनी मोठमोठे बेत मागे घेतले. तुमचे साहेब लोक त्यावरून म्हणतील की पेट्रोलचे दिवस परत येतायत. ऐकू नका. दोन पावलं मागे येईल, पण वळणार नाही. चिनी लोक जी गाडी आणतायत ती स्वस्त आहे आणि, मला आवडत नाही म्हणायला, चांगलीही आहे. बॅटरी दर वर्षी स्वस्त होतेय. तीस सालापर्यंत पिस्टन ही म्युझियमात ठेवायची वस्तू होईल. तुम्ही लोकांनी आताच काहीतरी दुसरं शिकून घ्यायला हवं.

आमची अडचण उलटी. गाड्या आहेत, वर्कशॉपला माणसं नाहीत. विजेचा दाब मोठा असतो, घाई करणारा माणूस चालत नाही. तरुण पोरं सहा महिने टिकतात आणि समुद्रातल्या तेलाकडे पळतात. गंमत बघ, आम्ही तेल विकून विजेच्या गाड्या घेतो.

परवा एक बाई गाडी परत घेऊन आल्या. तक्रार काय, तर गाडी फार शांत आहे, मागच्या सीटवरचा नवरा घोरतो ते ऐकू येतं. मी म्हटलं, बाई, यावर आमच्याकडे वॉरंटी नाही.

तुरिदचाही नमस्कार.

तुझा,
स्वेर्रे


हाल्फरबाख, ९ जून २०२४

प्रिय स्वेर्रे,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी यादीवर सही करून आलो होतो. तेव्हा लिहिता आलं नाही, आता लिहितो.

एकशे तीस माणसं कमी करायची ठरली. कायदा असा की वय, नोकरीची वर्षं, पोटची मुलं आणि अपंगत्व यांचे गुण धरायचे. ज्याचे कमी तो जाणार. आम्ही मंडळाचे पाच जण आणि साहेबाचे तिघे, चार दिवस एका खोलीत बसलो. आम्ही भांडलो नाही असं नाही. एकशे ऐंशीवरून एकशे तीसवर आणलं. पण शेवटी रेघ मारावीच लागते. आमच्या खात्यात ती जिथे पडली, तिच्या खाली पहिलं नाव हायकोचं. दोन गुण कमी. एक पोर असतं तर राहिला असता.

मी सही केली. पेन साहेबाचं होतं, चांगलं होतं.

यादी जाहीर करायला सहा आठवडे होते. तोवर बाहेर एक अक्षर काढायचं नाही, असं लिहून दिलेलं. मी रोज सकाळी बेकरीच्या कोपऱ्यावर गाडी थांबवत होतो आणि तो बसत होता. एकदा म्हणाला, "तुला काय वाटतं, आपल्या खात्यातलं कोण?" मी म्हटलं, "काय?" त्याने परत विचारलं, मोठ्याने, डाव्या कानात. मी परत म्हटलं, "काय?" मग त्याने सोडून दिलं. स्वेर्रे, मला पहिल्या वेळीच नीट ऐकू आलं होतं.

मला वाटलं होतं की या सहा आठवड्यांत झोप उडेल, अन्न जाणार नाही. तसं काही झालं नाही. मी नीट झोपलो. बागेत काकड्या लावल्या.

मागच्या मंगळवारी पत्रं वाटली. परत येताना तो नेहमीसारखा गाडीत बसला. चर्च मागे पडल्यावर त्याने विचारलं,

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"एप्रिलपासून."

"म्हणजे मी तुझ्या छपराची पन्हाळी बसवून दिली तेव्हा माहीत होतं."

"होतं."

"शिडी तू धरली होतीस."

"हो."

"बरं," तो म्हणाला. कोपरा आल्यावर उतरला, दार हळू लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी पाच दहाला तिथे गेलो, कारण जायचं नाही हे कसं करतात ते मला माहीत नव्हतं. तो उभा होता. बसला. तेव्हापासून रोज बसतो. बोलत नाही.

आता मागणं. तू लिहिलं होतंस की वर्कशॉपला माणसं नाहीत. हायको घाई करत नाही. बावीस वर्षांत त्याच्या हातून एक बोट चेंगरलं, तेही स्वतःचं. शिकेल. इंग्रजी मोडकंतोडकं येतं. व्यवस्थापन त्याला मुदतीआधी मोकळं करायला एका पायावर तयार आहे. त्याला अजून विचारलेलं नाही; आधी तू हो म्हण. मी तुझ्याकडे छत्तीस वर्षांत काही मागितलेलं नाही.

तुरिदला नमस्कार. तिला विचार, ती नेहमी माणसांची बाजू घेते.

तुझा,
फोल्कमार


हाल्फरबाख, १ सप्टेंबर २०२४

स्वेर्रे,

जवळजवळ तीन महिने झाले. पत्र हरवलं म्हणावं, तर जुलैत मी त्याची प्रत पाठवली. दोन्ही हरवत नाहीत.

नाही म्हणायचं होतं तर नाही म्हणायचं. एक ओळ. मी काही रडलो नसतो. गिऱ्हाइकाच्या नवऱ्याच्या घोरण्यावर तुला पानभर लिहिता येतं, आणि एका माणसाच्या पोटापाण्यावर शब्द सुचत नाही.

तू म्हणालास, दुसरं काहीतरी शिका. हायकोने जुलैत अर्ज केले. एका गोदामात बोलावलं. पंचवीस वर्षांच्या पोरीने त्याला विचारलं की पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतोस. तो म्हणाला, "छप्पन्न वर्षांचा." घेतलं नाही.

तुमची रेघ वर जातेय, जाऊ दे. कुठवर जाणार ते तरी सांग, म्हणजे इथल्या लोकांना किती खाली जायचंय ते कळेल. तुमच्या स्वच्छ हवेसाठी कोणाचा तरी बळी द्यायचाच असेल तर आम्ही आहोतच. पण मला वाटलं होतं, तू आमच्या घरी जेवलेला माणूस आहेस.

तुरिदला मात्र नमस्कार. तिचा यात दोष नसावा.

फोल्कमार


हौगेसुंद, २२ सप्टेंबर २०२४

प्रिय फोल्कमार,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. जूनच्या पत्रात शेवटी तू लिहिलंस, "तिला विचार." त्या ओळीशी मी अडलो. पुढे काय लिहायचं ते कळेना, म्हणून काहीच लिहिलं नाही. रोज कागद घ्यायचो आणि बाजूला ठेवायचो. मधे हायकोचं अडलंय हे माझ्या डोक्यात होतं, पण लांबून होतं, दुसऱ्या कोणाच्या बातमीसारखं. याला क्षमा नाही आणि मी मागतही नाही.

तुरिद गेल्या वर्षी सोळा नोव्हेंबरला वारली. तलावाच्या काठावर उभी राहून बायकांना हात कसा मारायचा ते दाखवत होती, तशीच खाली बसली. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. त्या आजीबाईंनीच तिला उचललं.

मी तेव्हा दुकानात होतो. एक वयस्कर जोडपं गाडी न्यायला आलं होतं. फोन वाजला, अनोळखी नंबर होता, मी तो पालथा ठेवला. परत वाजला. बाई विचारत होत्या, थंडीत बॅटरी किती कमी चालते. मी म्हटलं, पाव भाग कमी धरा. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी त्यांना चार्जिंगची वायर कशी गुंडाळायची ते दाखवत होतो. पूर्ण दाखवली. फोटो काढला, फुलं दिली, हात हलवला. मग फोन उचलला. तोवर संपलं होतं. डॉक्टर म्हणाल्या की आधी आला असतात तरी काही फरक पडला नसता. पडला नसता हे मला मान्य आहे.

सोमवारी मी दुकान उघडलं. तो मोठा महिना म्हणून तुला लिहिला, तो हाच.

जानेवारीत तुला लिहायला बसलो ते हेच लिहायला. हात आपोआप गाड्यांकडे वळला. मग तुझं उत्तर आलं, "तुरिदला नमस्कार सांग." गावात सगळ्यांना ठाऊक आहे, मला बघून लोक आवाज खाली आणतात. तिला नमस्कार सांग असं लिहिणारा जगात तू एकटा उरला होतास. ते बंद करवेना. म्हणून एप्रिलमध्ये मी तिचा नमस्कार पाठवला. तो खोटा होता. बाकी गाड्यांचं लिहिलं ते सगळं खरं होतं.

तू विचारलंस, कुठवर जाणार. आमच्याकडे वाढायचं जवळजवळ संपलंच. परवाच जाहीर झालं, देशातल्या रस्त्यांवर विजेच्या गाड्या पेट्रोलच्या गाड्यांपेक्षा जास्त झाल्या. कर्मचाऱ्यांनी केक आणला. मी एक तुकडा घेतला. आता नव्या गाडीसाठी माणसाला दुकानातच यावं लागत नाही. कंपन्या थेट घरी पाठवतात, मोबाइलवर पसंत करायची. गाडी बिघडतही कमी. पाच-सात वर्षांत माझ्यासारख्याची गरज किती उरेल, मला शंका आहे. त्याने मला भीती वाटायला हवी. वाटत नाही. मी फक्त आकडे वाचतो.

हायकोला पाठव. उद्या पाठवलास तरी चालेल. तळघरात वेगळी खोली आहे, स्वतंत्र दार आहे. पगार आमच्या नियमाने, शिकवणं आमच्याकडे. त्याला सांग की हे उपकार नाहीत, मला खरंच माणूस हवाय.

तुझा,
स्वेर्रे


हाल्फरबाख, १७ ऑक्टोबर २०२४

प्रिय स्वेर्रे,

तुझं पत्र मी कारखान्याच्या पार्किंगमध्ये वाचलं. दोनदा. मग घंटा झाली आणि मी कामाला गेलो. शिफ्ट पूर्ण केली. आपल्या माणसाच्या जाण्याची बातमी कळल्यावर जे व्हायला हवं ते अजून झालेलं नाही. कदाचित तुला समजेल.

माझ्या लग्नात तिने मला नाच शिकवायचा प्रयत्न केला होता, आठवतं? म्हणाली होती, "पाय मोजू नकोस, माझ्याकडे बघ." मी पाय मोजत राहिलो.

मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते मागे घेता येत नाही. तेही तुझ्याकडे राहू दे.

हायकोला गाडीत सांगितलं. चार महिन्यांत मी बोललेलं पहिलं लांब वाक्य. त्याने पुढे बघतच ऐकलं. "तिथे पाऊस फार असतो ना?" म्हणाला. मी म्हटलं, "फार." दोन दिवसांनी म्हणाला, "जातो." तुरिदचं मी त्याला सांगितलेलं नाही. ते सांगणं तुझं आहे, आणि मला तोंडाने म्हणायला जमलंही नसतं.

बारा तारखेला पहाटे निघाला. स्टेशनपर्यंत सोडू का, विचारलं होतं. "बस आहे," म्हणाला. मी तरीही पाच दहाला बेकरीपाशी गेलो. बस येऊन गेली होती.

आता सकाळी मी एकटाच जातो. पेट्रोल तेवढंच लागतं, डिझेल म्हणायचं होतं मला. बघ, तुझ्यामुळे सगळं एकच वाटायला लागलंय.

तुझा,
फोल्कमार


हौगेसुंद, २४ नोव्हेंबर २०२४

प्रिय फोल्कमार,

हायको नीट आहे. आधी तेच लिहितो.

सहा आठवडे झाले. वर्कशॉपमध्ये त्याला अजून एकट्याला मोठ्या बॅटरीला हात लावू देत नाहीत, परीक्षा व्हायचीय. पण आमचा मुख्य मेकॅनिक म्हणतो की वीज तोडल्यावर थांबायचं म्हटलं की खरोखर थांबणारा हा पहिलाच माणूस. पहिल्या दिवशी त्याने गाडीची मोटर उघडलेली पाहिली. बराच वेळ वाकून बघत राहिला. "एवढंच?" म्हणाला. "यात हलतं तरी काय?" मी म्हटलं, एकच भाग हलतो. तो म्हणाला, "आम्ही एकशे तीस माणसं मग जास्तच होतो."

पोरं त्याला नॉर्वेजियन शिव्या शिकवतायत. तो त्या "नमस्कार" समजून पोस्टमनला देतो. पोस्टमन परत देतो. दोघांचं जमलंय.

मी त्याला विचारलं, फोल्कमारला काही लिहू का? त्याने बोटं पुसली. "लिही, पोचलो," म्हणाला. मी जिन्यापर्यंत गेलो तेव्हा मागून हाक मारली. "आणि त्याला सांग, त्याच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग वाजतंय. त्याला ऐकू येत नाही. जूनपासून मी रोज ते ऐकत होतो, आणि मुद्दाम सांगितलं नाही. चाक जाम होईल एखाद्या दिवशी. बदलून घे म्हणावं." तेव्हा बदलून घे, फोल्कमार. उद्याच.

आणखी एक. सोळा तारखेला, शनिवारी, तुरिदला जाऊन वर्ष झालं. मी कोणाला बोलावलं नव्हतं. दुपारी हायको वर आला. तळघरातल्या शेगडीचं बटण बिघडलं होतं, म्हणाला, तुझ्याकडे बटाटे परतू का. मी हो म्हटलं. त्याने आपली कढई आणली होती, खारवलेल्या मांसाचा तुकडा आणला होता. मी टेबलाशी बसलो. पाठमोराच त्याने विचारलं,

"तुझी बायको कुठे असते? आल्यापासून दिसली नाही. मला वाटलं, गावाला गेलीय."

"वारली," मी म्हटलं. "आज वर्ष झालं."

हा शब्द मी तोवर तोंडाने उच्चारला नव्हता. तुला लिहिला, कागदपत्रांवर लिहिला, लोकांनी माझ्यापुढे उच्चारला. मी नाही. आता म्हटल्यावर काहीतरी होईल म्हणून मी वाट बघत बसलो.

हायको वळला नाही. त्याने आच थोडी कमी केली. मग म्हणाला, "कांदा बारीक चिरू की मोठा?"

"मोठा."

"ती कसा चिरायची?"

"ती कांदा खायचीच नाही. पंचवीस वर्षं या घरात कांदा आला नाही."

"मग आज नको घालू?"

मी विचार केला. खरंच केला, फोल्कमार. वर्षभरात पहिल्यांदा मला कोणी असं काही विचारलं होतं ज्याचं उत्तर मला आधीपासून माहीत नव्हतं.

"घाल," मी म्हटलं.

त्याने घातला. घरभर वास सुटला, पडद्यांना लागला, अजून गेलेला नाही. त्याने कढई टेबलावर आणून ठेवली, दोन ताटल्या काढल्या, आणि वाढायला उशीर करतोय असं वाटून मी त्याच्या हातातलं उलथनं काढून घेतलं. मला भूक लागली होती.

तुझा,
स्वेर्रे